घटक ५ : सार्वजनिक ग्रंथालयासाठी वेब-उपयोजन : सभासदखाती आणि डेटाबेस

५.१ प्रास्ताविक

या घटकात एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी वेब-उपयोजन कसे उभारले जाते, याचा परिचय आपण करून घेणार आहोत. उपयोजन म्हणजे व्यवहारात आपण ज्याला ॲप किंवा ॲप्लिकेशन म्हणतो ते. ब्राउझरमध्ये दिसणारी पाने, त्या पानांवरून आलेल्या विनंत्या तपासून उत्तर देणारी सर्व्हरवरील आज्ञावली आणि सर्व नोंदी जपून ठेवणारा डेटाबेस, या तिन्ही थरांचे काम एकत्रितपणे केले जाते तेव्हा त्या कामाला 'फुल-स्टॅक' असे म्हणतात.

मराठी विषय घेऊन पदवीचा अभ्यास करणाऱ्याने हे का शिकावे, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, अशा उपयोजनात पदोपदी भाषेचे निर्णय घ्यावे लागतात. ग्रंथांची सूची कोणत्या वर्णक्रमाने लावावी, टोपणनावाने लिहिणाऱ्या कवीची नोंद कशी करावी, जुन्या शुद्धलेखनातील शीर्षक नव्या शुद्धलेखनाने शोधणाऱ्या वाचकाला सापडेल की नाही, हे प्रश्न यंत्राचे नव्हेत. ते सोडवणारी व्यक्ती मराठी जाणणारी नसेल, तर यंत्र आपल्या मूळच्या सवयीनुसार ते परस्पर सोडवते आणि बहुधा चुकीचे सोडवते.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ नुसार मान्यता मिळालेली 'अ' ते 'ड' वर्गांची ग्रंथालये राज्यात ठिकठिकाणी आहेत. त्यांपैकी तालुक्याच्या गावचे एखादे मध्यम आकाराचे ग्रंथालय आपण उदाहरण म्हणून डोळ्यांसमोर ठेवू. तेथे दाखल नोंदवही आहे, सभासदांची नोंदवही आहे, देवघेवीचे टेबल आहे. ग्रंथालयांसाठी तयार प्रणालीही उपलब्ध आहेत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' आणि न्यूझीलंडमध्ये उगम पावलेली, सर्वांना मुक्तपणे वापरता येणारी 'कोहा' या त्यांपैकी दोन होत. प्रत्यक्ष ग्रंथालयाने प्रथम त्यांचाच विचार करावा, असे आमचे मत आहे. तथापि तयार प्रणालीच्या पोटात काय चालते हे समजण्यासाठी एक लहान उपयोजन स्वतः रचून पाहण्याला पर्याय नाही.

५.२ तीन थर

बंद कपाटांच्या ग्रंथालयात वाचक स्वतः कपाटापर्यंत जात नाही. तो टेबलापाशी चिठ्ठी देतो. ग्रंथपाल चिठ्ठी वाचतो, सभासदाची वर्गणी भरलेली आहे काय ते पाहतो, मग आत जाऊन पुस्तक आणतो. वेब-उपयोजनाची रचना नेमकी अशीच असते. ब्राउझरमधील पान म्हणजे टेबल आणि चिठ्ठी. सर्व्हरवरील आज्ञावली म्हणजे ग्रंथपाल. डेटाबेस म्हणजे कपाटे व नोंदवह्या.

या तुलनेतून एक महत्त्वाचा नियम निघतो. चिठ्ठीवर काय लिहायचे हे सर्वस्वी वाचकाच्या हाती असते. म्हणून ब्राउझरकडून आलेल्या कोणत्याही मजकुरावर सर्व्हरने विश्वास ठेवू नये. पानावर 'दहा अंकीच मोबाइल क्रमांक लिहावा' अशी अट घातलेली असली, तरी ती अट सर्व्हरवर पुन्हा तपासावी लागते. कारण पानाला वळसा घालून थेट सर्व्हरकडे विनंती पाठवणे कोणालाही शक्य असते. पानावरील तपासणी ही वाचकाची सोय होय. सर्व्हरवरील तपासणी हे संरक्षण होय.

५.३ नोंदवहीपासून तक्त्यांपर्यंत

आज वापरात असलेले बहुतेक डेटाबेस ज्या संबंधाधारित प्रतिमानावर उभे आहेत, ते एडगर कॉड या आयबीएममधील संशोधकाने १९७० साली मांडले. त्यातील मूळ विचार साधा आहे. माहिती तक्त्यांत ठेवावी, एक गोष्ट एकाच जागी नोंदवावी, आणि तक्त्यांमधील नाते क्रमांकांच्या साहाय्याने दाखवावे.

नवशिका मनुष्य प्रथम 'पुस्तके' असा एकच तक्ता करतो आणि त्यात शीर्षक, लेखक, किंमत, पुस्तक कोणाकडे आहे, ही सारी माहिती कोंबतो. ग्रंथालयात 'बनगरवाडी'च्या तीन प्रती आल्या, की ही रचना ढासळते. शीर्षक तीनदा लिहावे लागते. एकदा 'बनगरवाडी', एकदा 'बनगर वाडी' असे लिहिले गेले, की यंत्राच्या दृष्टीने ती दोन निराळी पुस्तके होतात. म्हणून 'ग्रंथ' आणि 'प्रत' हे दोन तक्ते वेगळे करावेत. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी हा ग्रंथ. दाखल क्रमांक मारलेली, विशिष्ट कपाटातील, कोपरा दुमडलेली वस्तू ही प्रत. वाचक ग्रंथ शोधतो, पण घरी प्रत नेतो. जुन्या ग्रंथपालांना हा भेद ठाऊकच होता. दाखल नोंदवही प्रतींची असे आणि तालिकापत्रे ग्रंथांची असत.

प्रत्येक नोंदीला एक अनन्य ओळख लागते. ग्रंथासाठी आयएसबीएन हा आंतरराष्ट्रीय क्रमांक वापरावा, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु हा क्रमांक आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९७० मध्ये स्वीकारला गेला. त्याआधीच्या मराठी ग्रंथांवर तो असण्याचा प्रश्नच नाही, आणि नंतरच्याही अनेक ग्रंथांवर तो आढळत नाही. तेव्हा डेटाबेसने स्वतः दिलेला क्रमांक ही ओळख मानावी आणि आयएसबीएन हा रिकामा राहू शकणारा रकाना ठेवावा. प्रकाशनवर्षाचेही असेच. जुन्या ग्रंथांवर शालिवाहन शक छापलेला असतो. शके १८०५ हे वर्ष इसवी सनाच्या १८८३ मध्ये सुरू होऊन १८८४ मध्ये संपते. एकाच इसवी सनात ते नेमके बसत नाही. म्हणून 'मुखपृष्ठावर छापल्याप्रमाणे वर्ष' हा मजकुराचा रकाना आणि क्रम लावण्यासाठी अंदाजे इसवी सनाचा अंकी रकाना, असे दोन रकाने ठेवणे शहाणपणाचे ठरते.

आता लेखकांकडे वळू. 'ग्रंथ' या तक्त्यात 'लेखक' असा एक रकाना पुरणार नाही, कारण एका ग्रंथाला अनेक लेखक, संपादक, अनुवादक असू शकतात आणि एका लेखकाचे अनेक ग्रंथ असतात. अशा दुहेरी नात्यासाठी मध्ये तिसरा तक्ता घालावा लागतो. त्याच्या प्रत्येक ओळीत एक ग्रंथक्रमांक, एक व्यक्तिक्रमांक आणि त्या व्यक्तीची भूमिका एवढेच असते. पण मराठीत एवढ्याने भागत नाही. 'विशाखा' हा काव्यसंग्रह कुसुमाग्रजांचा आणि 'नटसम्राट' हे नाटक वि. वा. शिरवाडकरांचे; व्यक्ती एकच. राम गणेश गडकरी यांनी कविता 'गोविंदाग्रज' या नावाने, विनोदी लेखन 'बाळकराम' या नावाने आणि नाटके स्वतःच्या नावाने लिहिली. शिरवाडकर शोधणाऱ्या वाचकाला 'विशाखा'ही दिसली पाहिजे, पण 'विशाखा'च्या नोंदीत मात्र कुसुमाग्रज हेच नाव दिसले पाहिजे. ते बदलणे म्हणजे कवीने स्वतः केलेली निवड पुसणे होय. यासाठी 'व्यक्ती' आणि 'नाव' असे दोन तक्ते करून एका व्यक्तीला अनेक नावे जोडावीत, आणि मधल्या तक्त्यातून ग्रंथाचे नाते व्यक्तीशी न जोडता नावाशी जोडावे. ही रचना कोणत्याही तंत्रविषयक पाठ्यपुस्तकात तयार मिळणार नाही. ती वाङ्मयाच्या इतिहासातून येते.

५.४ यंत्राला दिसणारी मराठी

देवनागरी लिपीला युनिकोडमध्ये १२८ जागांचा एक विभाग मिळालेला आहे. त्यातील प्रत्येक चिन्ह साठवण्यासाठी यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत तीन बाइट लागतात. 'कोसला' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. यंत्राला तो क, ओकाराची मात्रा, स, ल आणि काना अशा पाच चिन्हांचा दिसतो, आणि साठवणीत तो पंधरा बाइट जागा घेतो. रकान्याची कमाल लांबी ठरवताना ती चिन्हांत मोजली जाते की बाइटांत, हे न पाहिल्यास लांब शीर्षके मध्येच तुटतात, आणि तीही कधी जोडाक्षराच्या मधोमध.

मायएस्क्यूएल हा डेटाबेस वापरणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. त्यात 'यूटीएफ८' या नावाने दीर्घकाळ चालत आलेली साठवणपद्धत एका चिन्हाला तीनच बाइट देते. देवनागरी तीत मावते. पण मोडी लिपी, जिला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, चार बाइटांच्या प्रदेशात आहे. ग्रंथालयाच्या संग्रहातील मोडी कागदपत्रांचे मूळ लिपीतील वर्णन या पद्धतीत साठवताच येत नाही. त्यासाठी 'यूटीएफ८एमबी४' ही पद्धत आरंभापासूनच निवडावी.

क्रमाचा प्रश्न याहून नाजूक आहे. युनिकोडमध्ये 'ळ' हे चिन्ह 'ल'च्या लगेच नंतर आणि 'व'च्या आधी आहे. त्यामुळे केवळ चिन्हांच्या क्रमांकांवरून सूची लावल्यास 'काळ' हा शब्द 'काव्य' आणि 'काहूर' यांच्या आधी येतो. मराठी वर्णमालेत 'ळ'चे स्थान 'ह'नंतर आहे; म्हणून काव्य, काहूर, काळ हा क्रम आपल्याला अपेक्षित असतो. डेटाबेसला मराठीचे क्रमनियम वापरण्याची आज्ञा स्पष्टपणे देता येते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ही सोय चांगली आहे. मात्र 'क्ष' आणि 'ज्ञ' वर्णमालेच्या शेवटी घ्यायचे की 'क' आणि 'ज' यांच्या पोटात, हे ग्रंथालयाने एकदा ठरवून लिहून ठेवावे.

शोध घेताना तर दिसायला एकसारखे असलेले दोन शब्द यंत्राला भिन्न वाटतात. 'वाऱ्यावरची वरात' हे शीर्षक टंकताना रफारासारखा दिसणारा तो आडवा 'र' दोन प्रकारे उमटवता येतो. एका प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह आणि पुढे हलन्त असतो. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. 'ॲ' हे अक्षरही कोणी एका चिन्हाने लिहितो, तर कोणी 'अ'वर अर्धचंद्र देऊन. यावर काही आज्ञावलीकार सोपा उपाय करतात : न दिसणारी सर्व चिन्हे सरसकट काढून टाकतात. मराठीत हा उपाय घातक आहे. आचाऱ्यांना आणि आचार्यांना या दोन शब्दांतील भेद दुसऱ्या लेखनप्रकारात त्या अदृश्य चिन्हावरच उभा असतो. ते काढले, की स्वयंपाक्यांचे गुरुजन होतात. योग्य मार्ग असा की, दुसरा प्रकार आधी पहिल्यात रूपांतरित करावा, मगच उरलेली अदृश्य चिन्हे काढावीत.

याला जोडूनच जुन्या शुद्धलेखनाचा विचार करावा लागतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर 'गांव', 'नांव', 'कांहीं' अशी रूपे आहेत. मूळ शीर्षक बदलू नये, हा संपादनाचा पहिला धडा येथेही लागू आहे. त्यासाठी प्रत्येक ग्रंथाला दोन रकाने द्यावेत. एकात शीर्षक जसेच्या तसे, दुसऱ्यात केवळ शोधासाठी तयार केलेले रूप. वाचकाने टंकलेला शब्दही त्याच नियमांनी बदलून दुसऱ्या रकान्याशी ताडून पाहावा. अंकांबाबतही हीच दक्षता हवी. कोणी दाखल क्रमांक देवनागरी अंकांत लिहील, कोणी रोमन कळफलकावरील अंकांत. दोन्ही स्वीकारले पाहिजेत. 'अवैध निविष्टी' असा संदेश दाखवून वाचकाला परत पाठवणे हा त्याच्या भाषेचा अवमान आहे. शिवाय तो संदेश स्वतःच कोणाला कळत नाही.

५.५ खाते : ओळख आणि अधिकार

सभासदाला घरबसल्या आपल्याकडील पुस्तके पाहता यावीत, मुदत वाढवून घेता यावी, यासाठी खाते लागते. खाते म्हटले की परवलीचा शब्द आला, आणि येथे उपयोजन रचणाऱ्याची जबाबदारी एकदम वाढते. ग्रंथालयाच्या खात्यातून कोणी काय चोरणार, असे वाटू शकते. परंतु अनेक माणसे एकच परवलीचा शब्द सर्वत्र वापरतात. ग्रंथालयातून फुटलेला शब्द सभासदाच्या ई-मेलची किंवा पैशाच्या व्यवहारांची किल्ली ठरू शकतो.

२००९ साली रॉकयू या अमेरिकी कंपनीचा डेटाबेस फोडला गेला, तेव्हा सुमारे ३.२ कोटी परवलीचे शब्द जसेच्या तसे, वाचता येतील अशा रूपात साठवलेले आढळले. परवलीचा शब्द कधीही मूळ रूपात साठवू नये, हा नियम त्यावेळी तीस वर्षे जुना होता. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्येच त्याची शास्त्रीय मांडणी केलेली होती. शब्द एका एकमार्गी गणिती क्रियेतून दळून काढावा आणि ते पीठ तेवढे साठवावे. पिठावरून दाणा परत मिळत नाही. सभासद पुन्हा आला, की त्याने दिलेला शब्द तसाच दळावा आणि दोन्ही पिठे जुळतात काय ते पाहावे.

यात एक उणीव राहते. दोन सभासदांचा शब्द एकच असेल, तर त्यांचे पीठही एकच होते. आणि नेहमीच्या शब्दांची पिठे आधीच दळून ठेवणाऱ्या चोराला ती ताडून पाहणे सोपे जाते. म्हणून दळण्यापूर्वी प्रत्येक सभासदाच्या शब्दात एक निराळा यादृच्छिक मजकूर मिसळतात. या मिश्रणाला तंत्रज्ञांनी दिलेले नाव 'सॉल्ट', म्हणजे चक्क मीठ, असे आहे. २०१२ साली लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख दळलेले शब्द उघड झाले. त्यांत मीठ नव्हते, आणि पुष्कळसे शब्द थोड्याच अवधीत ओळखले गेले. दळण्याची क्रिया मुद्दाम संथ असावी, हेही आवश्यक आहे. सभासदाला अर्धा सेकंद थांबणे जड जात नाही. कोट्यवधी शब्द पडताळू पाहणाऱ्या चोराला मात्र तोच अर्धा सेकंद भारी पडतो. बीक्रिप्ट ही १९९९ मधील आणि आर्गॉन२ ही २०१५ च्या स्पर्धेत निवडली गेलेली, अशा दोन पद्धती यासाठी प्रसिद्ध आहेत. स्वतःची पद्धत शोधून काढू नये.

बीक्रिप्टची एक मर्यादा मराठी वाचकांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ती पहिले ७२ बाइटच विचारात घेते, आणि तिच्या अनेक आवृत्त्या पुढचा भाग मुकाट्याने सोडून देतात. रोमन लिपीत ७२ अक्षरे म्हणजे भरपूर झाली. देवनागरीत मात्र २४ चिन्हांतच ती मर्यादा गाठली जाते. समजा, एखाद्या सभासदाने 'आमच्या अंगणातल्या पारिजातकाचा सडा' असा लक्षात राहण्याजोगा वाक्यांश ठेवला. 'पारिजात' येथपर्यंत ७१ बाइट संपतात. पुढे 'काचा सडा' लिहा अथवा 'काची फुले' लिहा, खाते उघडतेच. सभासदाला वाटते आपण लांबलचक कुलूप लावले, आणि त्याचा शेवट नुसता देखाव्याचा असतो. देवनागरी परवलीचा शब्द स्वीकारणाऱ्या उपयोजनाने आर्गॉन२ वापरावी, हे उत्तम. हेही ध्यानी घ्यावे की, मागच्या विभागात सांगितलेले 'ऱ'चे आणि 'ॲ'चे दुहेरी लेखन येथेही आडवे येते. घरच्या संगणकावर आणि मोबाइलवर निरनिराळे कळफलक असतील, तर तोच शब्द दोन प्रकारे उमटू शकतो. दळण्यापूर्वी तो एका ठरावीक रूपात आणणे म्हणूनच अगत्याचे आहे.

ओळख पटल्यानंतरचा प्रश्न ती टिकवण्याचा. वेबची मूळ रचना विसराळू आहे. प्रत्येक विनंती सर्व्हरला नवखीच वाटते. यावर १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझरच्या निर्मात्यांनी 'कुकी' हा तोडगा काढला. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो, तसा सर्व्हर ब्राउझरला एक बिल्ला देतो आणि ब्राउझर पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर तो दाखवतो. फरक इतकाच की, देवळाचे बिल्ले ओळीने क्रमांकित असतात. संगणकावरील बिल्ला मात्र कोणालाही अंदाज करता येणार नाही इतका लांब आणि यादृच्छिक असावा लागतो. अन्यथा शेजारच्याच्या चपला घालून जाणे अवघड नाही.

ओळख आणि अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि नवशिक्यांच्या उपयोजनांत सर्वाधिक गोंधळ येथेच आढळतो. समजा, सभासद क्रमांक ४१२ ने खाते उघडले आणि ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत त्याला शेवटी ४१२ हा आकडा दिसला. त्याने तेथे सहज ४१३ लिहिले. सर्व्हरने केवळ 'हा कोणी तरी ओळख पटलेला सभासद आहे' एवढेच पाहिले, तर शेजाऱ्याची सारी पुस्तके त्याच्यापुढे येतील. सर्व्हरने दरवेळी विचारले पाहिजे : हा कोण आहे, आणि मागितलेली नोंद याची आहे काय? 'सभासद काढून टाका' हे बटण सामान्य सभासदाला न दाखवणे पुरेसे नाही. बटण लपवले तरी त्यामागची विनंती करता येतेच.

येथेच अवतरणचिन्हांचा धोका सांगून टाकू. सर्व्हर डेटाबेसशी एसक्यूएल या भाषेत वाक्ये बोलतो; उदाहरणार्थ, 'ज्याचे शीर्षक अमुक आहे असे ग्रंथ दाखव'. यातील 'अमुक' वाचकाकडून येते आणि अवतरणचिन्हांत घातले जाते. वाचकाने आपल्या मजकुरातच अवतरणचिन्ह लिहिले, तर अवतरण मध्येच संपते आणि उरलेला मजकूर वाचकाचे शब्द न राहता सर्व्हरची आज्ञा बनतो. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे, तर पात्राच्या तोंडचे वाक्य निवेदकाच्या तोंडी जाते. रॉकयूचा डेटाबेस याच वाटेने फोडला गेला होता. उपाय सोपा आणि निश्चित आहे : वाक्याचा सांगाडा आणि वाचकाचा मजकूर डेटाबेसकडे वेगवेगळे पाठवावेत, त्यांची जोडणी आज्ञावलीत हाताने करू नये.

५.६ शेवटची प्रत

सायंकाळी सहाच्या सुमारास दोन सभासदांनी आपापल्या घरून एकाच क्षणी एकाच ग्रंथाची शेवटची प्रत राखून ठेवण्याची विनंती केली, तर काय होईल? सर्व्हर पहिल्यासाठी पाहतो : प्रत उपलब्ध आहे. ती नोंदवण्यापूर्वीच दुसऱ्यासाठी पाहतो : प्रत उपलब्ध आहे. मग दोघांनाही होकार जातो. टेबलापाशी असे कधी घडत नाही, कारण प्रत एकाच हातात असते. डेटाबेसमध्ये ती अट आपणच निर्माण करावी लागते. 'पाहणे' आणि 'नोंदवणे' या दोन क्रिया एका अविभाज्य व्यवहारात बांधाव्यात, आणि त्याशिवाय डेटाबेसलाच असा निर्बंध घालावा की, परतीची तारीख रिकामी असलेली नोंद एका प्रतीला एकच असू शकेल. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट या दोन्हींत असा निर्बंध थेट लिहिता येतो. आज्ञावलीत चूक राहून गेली, तरी डेटाबेस दुसरी नोंद नाकारतो.

५.७ वाचनाची नोंद कोणाची?

देवघेवीच्या तक्त्यात प्रत्येक ओळ सांगते की, अमुक सभासदाने अमुक दिवशी अमुक ग्रंथ नेला. पुस्तक परत आल्यावर या ओळीचे काय करायचे? बहुतेक उपयोजनांत तिचे काहीच केले जात नाही; ती वर्षानुवर्षे पडून राहते. कागदी नोंदवहीतही ती राहतच असे, असा युक्तिवाद करता येईल. परंतु ती वही एका कपाटात असे आणि तिच्यातून एका माणसाचे दहा वर्षांचे वाचन शोधून काढायला आठवडा लागला असता. डेटाबेसला त्यासाठी क्षणही पुरतो.

घटस्फोटाच्या कायद्याचे पुस्तक नेणारी सून, व्यसनमुक्तीवरील पुस्तक नेणारा शिक्षक, धर्मचिकित्सेचे ग्रंथ ओळीने वाचणारा महाविद्यालयीन मुलगा यांनी काय वाचले, हे लहान गावात कोणाला कळावे? आमच्या मते, पुस्तक सुस्थितीत परत आल्यानंतर ओळीतील सभासद क्रमांक पुसून टाकावा आणि ग्रंथ व तारीख तेवढी ठेवावी. कोणता ग्रंथ किती वेळा वाचला गेला, हे ग्रंथालयाला त्यावरून कळते. कोणी वाचला, हे कोणालाच कळत नाही. ज्या सभासदाला स्वतःची वाचनयादी हवी असेल, त्याने तशी इच्छा स्पष्टपणे नोंदवावी. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ याचाही रोख असाच आहे. ज्या हेतूने माहिती घेतली तो हेतू संपला, की ती पुसावी, हे त्यातील एक सर्वसाधारण तत्त्व आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घ्यावी, असेही तो सांगतो. बालविभाग असलेल्या ग्रंथालयाने खात्याचा अर्ज तयार करतानाच हे ध्यानात घ्यावे. जो रकाना कशासाठी हवा हे सांगता येत नाही, तो रकाना अर्जात नसावा. जात, धर्म, वार्षिक उत्पन्न असे रकाने जुन्या छापील अर्जांच्या नकलेतून नकळत आत येतात.

५.८ उभारणीचा क्रम

प्रत्यक्ष कामासाठी पायथन भाषेतील 'जँगो' ही चौकट नवशिक्यांना सोयीची पडते. तिचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला आणि २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. मजकूर हाताळणाऱ्या माणसांच्या गरजा तिच्यात उमटलेल्या आहेत, असे ती वापरताना जाणवते. खाती, परवलीच्या शब्दांचे दळण आणि डेटाबेसशी सुरक्षित संवाद तिच्यात अंगभूत आहे. प्रथम तक्ते कागदावर काढावेत. नंतर 'शीर्षकावरून ग्रंथ शोधणे' ही एकच सोय तिन्ही थरांतून आरपार पूर्ण करावी. ती चालू लागली, की खाती; खाती चालू लागली, की देवघेव. सगळी पाने आधी रंगवून मग मागची बाजू रचायला घेणारे बहुधा मध्यावर थकतात.

ग्रंथालयाची जुनी यादी संगणकावर असेलच, तर ती बहुधा युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली असते. फाँट बदलताच ती निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसू लागते. रूपांतराची साधने मिळतात, पण जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात. प्रत्येक ओळ दाखल नोंदवहीशी ताडून पाहावी लागते. या कामाला आज्ञावली लिहिण्यापेक्षा अधिक दिवस लागतील, असे गृहीत धरून चालावे. डेटाबेसची प्रत दररोज दुसऱ्या ठिकाणी ठेवावी आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून सर्व नोंदी पुन्हा उभ्या करून पाहाव्यात. निदान पहिले सहा महिने कागदी नोंदवही बंद करू नये.

स्वाध्याय

जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन, ग्रंथपालांच्या अनुमतीने, दाखल नोंदवहीचे कोणतेही एक पान उतरवून घ्या. त्या पानावरील नोंदी 'ग्रंथ', 'प्रत', 'व्यक्ती' आणि 'नाव' या तक्त्यांत विभागून लिहा. ज्या नोंदी कोणत्याच तक्त्यात नीट बसत नाहीत, त्यांच्यासाठी कोणता रकाना वाढवाल ते सकारण सांगा. सभासदांच्या नोंदवहीचे पान उतरवू नका.